खडीचा चुरा कसा होतो व त्याची परीक्षा

शेतकरी बियाणें घेतांना उगवण विचारतो, बैल घेतांना दांत पाहतो व खत घेतांना पोत्यावरील आंकडे वाचतो. परंतु विहिरीच्या कड्यासाठीं, गोठ्याच्या जमिनीसाठीं किंवा पाणंद रस्त्यासाठीं खडी घेतांना तो एकच गोष्ट विचारतो. ती म्हणजे ब्रासचा भाव. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हें माप ढिगाचें आकारमान सांगतें. ढीग कसल्या दगडाचा आहे, हें सांगत नाहीं. आमची नोकरी महसूल खात्यांत झाली. गौण खनिजाच्या कागदांत किती ब्रास, कोणत्या गटांतून व कोणत्या वाहनानें, इतकें लिहिलें म्हणजे स्वामित्वधनाच्या वसुलीस तें पुरतें. रस्त्यास मात्र तेवढें पुरत नाहीं. दोन ढीग मापानें सारखे असून एक वर्षानुवर्षें टिकतो आणि दुसऱ्याचें दोन पावसाळ्यांत पीठ होतें. हें अंतर कोठून येतें, दाबाखालीं ठिसूळ दाण्यांचा ढीग कसा फुटतो, त्याची परीक्षा कशी करितात, आणि अलीकडे तीच गोष्ट संगणकावर उभी करून कशी पाहतात, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आपल्या भागांतील दगड

हट्टा व त्याभोंवतींचा वसमत तालुक्याचा मुलूख हळदीसाठीं व काळ्या मातीसाठीं प्रसिद्ध आहे. मातीखालीं मुरूम व मुरुमाखालीं काळा खडक, हा क्रम विहीर खणणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतो. हा खडक म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट होय. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त रस वारंवार बाहेर येऊन थरावर थर बसले, त्यांचा तो बनलेला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवाला व घट्ट झाला. वरच्या भागांत वायूचे बुडबुडे अडकल्यामुळें तो सच्छिद्र राहिला, आणि पुढें त्या छिद्रांत पांढरीं खनिजें भरलीं. म्हणून एकाच खाणीच्या एकाच दरडींत अभंग काळा पाषाण आणि पांढऱ्या ठिपक्यांचा मऊ खडक असे दोन्ही सांपडूं शकतात. दोन्ही एकाच यंत्रांत जातात व एकाच ढिगांत पडतात. वर धूळ बसली म्हणजे दुरून पाहणारास त्यांतला भेद कळत नाहीं. ब्रास मोजणारास तर तो कळण्याचें कारणच नाहीं.

एक दाणा कसा फुटतो

दगड दाबला म्हणजे तो चेपून फुटतो, असा सामान्य समज आहे. तो पुरता खरा नव्हे. दोन पोलादी फळ्यांमध्यें एक खडा धरून दाबला असतां तो बहुधा वरून खालीं उभा चिरतो व त्याचे दोन भाग आडवे दूर सरतात. म्हणजे बाहेरून दाब असला तरी खड्याच्या आंत ताण उत्पन्न होतो, आणि त्या ताणानें तो फुटतो. दगड दाबास फार कणखर असतो, पण ताणास दुबळा असतो. त्याचें ताणाचें बळ दाबाच्या बळाच्या सुमारें दशांश समजण्यास हरकत नाहीं.

ही गोष्ट अभियंत्यांच्या ध्यानांत कशी आली, त्याची हकीकत मनोरंजक आहे. ब्राझील देशांत रिओ दि जानेरो शहरीं एक जुनें चर्च नव्या रुंद रस्त्याच्या आड येत होतें. तें न पाडतां काँक्रीटच्या रुळांवरून सरकवावें, असा विचार निघाला. ते रूळ दाबून पाहतांना फर्नांदो लोबो कार्नेरो ह्या अभियंत्यास ते उभे दुभंगतांना आढळले. त्यावरून १९४३ सालीं त्यानें ताणाचें बळ मोजण्याची एक सोपी रीत बसविली. चर्च कांहीं हललें नाहीं, तें पाडलेंच गेलें. पण ती रीत ब्राझिली परीक्षा ह्या नांवानें जगभर चालू राहिली. खडीचा एकेक दाणा तपासतांनाही हाच विचार वापरितात: दाणा फुटतांना पडलेला भार घ्यावा, त्यास दोन फळ्यांमधील अंतराच्या वर्गानें भागावें, म्हणजे दाण्याच्या बळाचा अंदाज मिळतो.

आतां एकाच खाणीचे वीस खडे घेऊन हा प्रयोग केला, तर वीस निराळे आंकडे येतील. ह्याचें कारण १९२१ सालीं इंग्लंडांतील ए. ए. ग्रिफिथ यानें कांचेच्या प्रयोगांनीं दाखविलें. ठिसूळ पदार्थाचें बळ त्याच्या घडणीपेक्षां त्यांतील सूक्ष्म भेगा अधिक ठरवितात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढें १९३९ सालीं स्वीडनच्या वालोडी वाइबुल यानें ह्याच विचारास गणिताचें रूप दिलें. सांखळी जशी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट, तसा दाणा त्यांतील सर्वांत वाईट भेगेइतकाच बळकट. मोठ्या दाण्यांत वाईट भेग असण्याचा संभव जास्त. म्हणून आकाराच्या मानानें मोठा दाणा दुबळा व लहान दाणा कणखर ठरतो. मोठा दाणा फुटतो तो आपल्या वाईट भेगेवर फुटतो. उरलेल्या तुकड्यांत ती भेग राहत नाहीं, म्हणून ते पुन्हां फोडण्यास आकाराच्या मानानें पहिल्याहून अधिक जोर लागतो.

ढिगांत दाणा एकटा नसतो

एका दाण्याचें बळ कळलें म्हणजे ढिगाचें बळ कळलें, असें मात्र होत नाहीं. ढिगावर टाकलेला भार सर्व दाण्यांवर सारखा वांटला जात नाहीं. १९५७ च्या सुमारास फ्रान्सच्या दांतू ह्या संशोधकानें पारदर्शक दाण्यांचा थर दाबून त्यांतून विशिष्ट प्रकाश सोडला. तेव्हां कांहीं दाणे उजळून निघाले व त्यांच्या शेजारचे अंधारांत राहिले. भार वरून खालीं जातो तो कांहीं थोड्या दाण्यांच्या रांगांनीं जातो. बाकीचे दाणे त्या रांगांस बाजूनें टेंका देतात. पालखीभोंवतीं माणसें पुष्कळ असतात, पण वजन ज्यांच्या खांद्यावर दांडी असते त्यांसच लागतें. इतर लोक भोंवतीं दाटीनें उभे असतात. त्यांतला एखादा खांदा खचला म्हणजे दांडी दुसऱ्या खांद्यावर येते. ढिगांतही एक दाणा फुटला कीं भाराची रांग मोडते व दुसरीकडे नवी बनते. अशा रीतीनें दुबळे दाणे एकामागून एक शोधून काढले जातात.

शेजाऱ्यांची संख्याही फार महत्त्वाची आहे. ज्या दाण्यास दोनच शेजारी चिकटले आहेत, तो दोन फळ्यांत सांपडल्यासारखा चिरतो. ज्यास दहा-बारा लहान दाण्यांनीं सर्व बाजूंनीं धरलें आहे, त्यावर दाब चोहोंकडून सारखा पडतो, ताण उत्पन्न होण्यास वाव राहत नाहीं, व तो टिकून जातो. खलबत्त्यांत मिरीं कुटणाऱ्या गृहिणीस हें अनुभवानें ठाऊक असतें. आरंभीं दाणे भराभर फुटतात. मग भुकटी वाढते व तिच्या गादींत बसलेला एखादा अखंड दाणा कितीही कुटला तरी हातीं लागत नाहीं.

म्हणजे येथें दोन गोष्टींचा झगडा आहे. भेगांच्या हिशेबानें मोठा दाणा आधीं फुटावा, पण शेजाऱ्यांच्या हिशेबानें तो वांचावा. मॅकडॉवेल व बोल्टन यांनीं १९९८ सालीं ह्या झगड्याचें विवेचन केलें. दाब वाढत गेला म्हणजे लहान दाणेच पुनःपुन्हां फुटत जातात व कित्येक मोठे दाणे शेवटपर्यंत राहतात, असें त्यांनीं दाखविलें. व्यवहारांत ह्याचा अर्थ असा: एकाच आकाराच्या खडीच्या थरापेक्षां, ज्या थरांत मोठ्या खडीच्या फटी बारीक खडीनें नीट भरल्या आहेत तो थर कमी चुरतो. मोठी खडी अंथरून वर भर न घालतां गाडी सोडणें म्हणजे दाण्यांस शेजाऱ्यांवांचून उभें करणें होय.

नळकांड्यांतील परीक्षा

खडीची मुख्य परीक्षा भारतीय मानक २३८६ च्या चौथ्या भागांत १९६३ सालीं सांगितली आहे. १२.५ मिलिमीटरच्या चाळणींतून पडलेली व १० मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेली वाळवलेली खडी घेतात. सुमारें १५ सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी नळकांड्यांत ती तीन थरांत भरतात व प्रत्येक थर गोल टोंकाच्या सळईनें २५ वेळां ठासतात. वर पोलादी दट्ट्या बसवून यंत्रानें भार सारखा वाढवीत १० मिनिटांत ४० टनांवर नेतात. नंतर खडी काढून २.३६ मिलिमीटरच्या चाळणीनें चाळतात. खालीं पडलेल्या चुऱ्याचें मूळ वजनाशीं शेंकडा प्रमाण काढलें कीं खडीचा आंकडा मिळाला. उदाहरणार्थ, ३ किलो खडींतून ६०० ग्रॅम चुरा पडला तर आंकडा २० आला. असे दोन वेळां करून सरासरी धरितात. आंकडा जितका लहान तितकी खडी चांगली. चाकांखालीं झिजणाऱ्या काँक्रीटच्या पृष्ठभागास तो ३० च्या वर असूं नये, असा मानकाचा नियम आहे. घट्ट काळ्या पाषाणाचा आंकडा सामान्यतः ह्या मर्यादेच्या पुष्कळ खालीं असतो. सच्छिद्र खडक मिसळला कीं तो वर चढूं लागतो.

नळकांड्यांतील ४० टनांचा भार दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २२० किलो पडतो. मालमोटारीच्या चाकांतील हवेचा दाब ७-८ किलोंच्या आसपास असतो. तेव्हां ही परीक्षा चाकाची हुबेहूब नक्कल नव्हे. रस्त्यावर थोडा भार लक्षावधि वेळां पडतो. येथें मोठा भार एकदांच टाकून एका खडीची दुसरीशीं तुलना करितात. तिची एक मर्यादाही ओळखून असावें. खडी फारच मऊ असली तर चुरा लवकर होतो, फटी भरतो व उरलेल्या दाण्यांस गादी पुरवितो. मग खरा दुबळेपणा आंकड्यांत पुरता उतरत नाहीं. म्हणून आंकडा ३० च्या वर गेल्यास परीक्षा उलट करितात: शेंकडा १० चुरा होण्यास किती भार लागतो, तें शोधून काढितात. खलबत्त्यांतील मिऱ्याची गोष्ट येथें प्रयोगशाळेंतही लागू पडते.

संगणकावरील ढीग

नळकांडें पोलादी असल्यामुळें आंत काय घडलें तें दिसत नाहीं. शेवटीं फक्त चुरा हातीं येतो. आंतील घडामोड पाहण्याचा एक मार्ग पीटर कुंडॉल यानें १९७१ मध्यें खडकांच्या ठोकळ्यांसाठीं आरंभिला, आणि १९७९ मध्यें ऑटो स्ट्रॅक याजबरोबर दाण्यांच्या ढिगासाठीं सविस्तर मांडला. ह्या रीतींत ढिगांतील प्रत्येक दाण्याचा हिशेब संगणक वेगळा ठेवितो.

आमच्यासारख्या महसुली माणसास ही रीत लवकर समजते. प्रत्येक दाण्यास जणूं एक सात-बारा असतो: त्याची जागा, आकार, वेग, लागून असलेले शेजारी, आणि प्रत्येक शेजाऱ्याचा त्यावरील जोर. दोन दाणे एकमेकांस जितके दाबतात, तितका परस्परांवर उलट जोर येतो. त्या जोरांची बेरीज घेऊन न्यूटनच्या नियमानें दाणा किंचित् हलवितात. एका खेपेस सेकंदाचा लक्षांश किंवा त्याहूनही थोडा काळ पुढें जातो. लगेच सर्व दाण्यांच्या नोंदींत फेरफार होतो, आणि पुन्हां पहिल्यापासून हिशेब. असे फेरफार लाखों वेळां केल्यावर दट्ट्या थोडासा खालीं आलेला दिसतो.

दाणा फुटण्याचा हिशेब दोन प्रकारांनीं करितात. पहिल्या प्रकारांत दाण्यावरील ताण त्याच्या बळाच्या पलीकडे गेला कीं तो दाणा काढून त्याच्या जागीं लहान तुकडे ठेवितात. हें गटाचे पोटहिस्से पाडण्यासारखें आहे, व अडचणही तीच येते: सर्व पोटहिश्श्यांचें क्षेत्र मिळून मूळ गटाचें क्षेत्र भरलें पाहिजे. गोल दाण्याच्या जागेंत लहान गोल तुकडे बसविले तर मध्यें फटी राहतात व वस्तुमान घटतें. तें कोठें गेलें ह्याचा जाब हिशेबनिसास द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारांत प्रत्येक दाणा आरंभींच शेंकडों सूक्ष्म गोळ्या चिकटवून बनविलेला असतो, व ताण वाढला कीं गोळ्यांमधील जोड तुटतात. ही रीत अधिक स्वाभाविक, पण फार खर्चाची आहे. १० मिलिमीटरच्या एका दाण्याचे १ मिलिमीटरचे तुकडे धरले तर ते हजार होतात. म्हणून अमुक आकाराखालील दाणा फुटतच नाहीं, असें कोठें तरी मानून चालावें लागतें.

ह्या रीतीचा मोठा लाभ असा कीं, एकच गोष्ट बदलून बाकी सर्व कायम ठेवितां येतें. दगड तोच ठेवून फक्त बारीक खडीचें प्रमाण वाढविलें तर चुरा किती घटेल, शंभरांत दहा दाणे दुबळे मिसळले तर काय होईल, हें एकेक करून विचारतां येतें. खऱ्या खाणींत असे अगदीं सारखे ढीग मिळणें कठीण. तथापि संगणकाच्या उत्तरावर आंधळेपणानें विसंबतां येत नाहीं. खरी खडी कोनेदार असते, गोळ्या गुळगुळीत असतात. बळाचे आंकडे आपणच पुरविलेले असतात. म्हणून योग्य क्रम असा आहे: आधीं सुटे दाणे फोडून त्यांचे आंकडे संगणकास द्यावे, मग त्यानें ढिगाविषयीं काय भाकीत केलें तें पाहावें, आणि तेंच नळकांड्यांतील खऱ्या खडीच्या चुऱ्याशीं, चाळणीमागून चाळणी, ताडून पाहावें. ज्या परीक्षेवरून आंकडे बसविले तिच्याच आधारें ते बरोबर ठरविणें, म्हणजे स्वतःच्या वहीनें स्वतःची वही तपासणें होय.

गांवांत काय करतां येईल

प्रथम डोळ्यांनीं पाहावें. पांच-सात खडे फोडून आंतील ताजा भाग न्याहाळावा. छिद्रें, पांढरे ठिपके व तांबूस कुजकी कड असलेले खडे शंभरांत किती निघतात, तें मोजावें. दुसरें, पाणी पाजून पाहावें. वाळलेली खडी तोलावी, एक दिवस-रात्र पाण्यांत ठेवावी, बाहेर काढून पृष्ठभाग पुसून पुन्हां तोलावी. चांगल्या दगडाचें वजन सामान्यतः शेंकडा दोनाच्या आंत वाढतें. त्याहून पुष्कळ वाढल्यास दगड सच्छिद्र समजावा.

तिसरी रीत ठोक्याची. मानकांत १३.५ ते १४ किलोंचा हातोडा ३८ सेंटिमीटर उंचीवरून १५ वेळां खडीवर सोडण्याची एक परीक्षा आहे. मऊ दगडासाठीं ती खडी भिजवून करण्याचीही सोय आहे. तिचें साधें रूप असें: दोन खाणींची एकाच आकाराची, वाळलेली खडी अर्धा-अर्धा किलो घ्यावी. जाड लोखंडी नळाचा चार इंची तुकडा पक्क्या लोखंडी ठोकळ्यावर उभा करून त्यांत खडी भरावी, वर चपखल लोखंडी चकती ठेवावी, व तोच घण त्याच उंचीवरून १५ वेळां सोडावा. मग दोन्हींचा चुरा एकाच बारीक चाळणीनें चाळून तोलावा. प्रत्येक खडीवर तीनदां करून सरासरी घ्यावी. डोळ्यांवर चष्मा असावा व मुलांस दूर ठेवावें. ह्यानें दोहोंपैकीं बरी कोणती तें कळतें. मानकाचा आंकडा ह्यानें मिळत नाहीं. तो हवा असल्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या स्थापत्य शाखेकडे, अथवा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे चौकशी करावी. नमुना नेतांना ढिगाच्या एकाच बाजूचा नेऊं नये. वरून, मधून व तळांतून थोडथोडा घेऊन मिसळावा.

जातां जातां एक गोष्ट कोठाराविषयीं. खताचे दाणेही ठिसूळच असतात. थप्पीच्या तळाच्या पोत्यावर वरील सर्व पोत्यांचा भार येतो, आणि ओल लागली कीं दाण्याचें बळ घटतें. फुटलेल्या दाण्यांची भुकटी पेरणी यंत्राच्या नळींत अडकते व ओळींत खत कमीजास्त पडतें. म्हणून थप्पी उंच रचूं नये, खालीं फळ्या घालाव्या, व उघडें पोतें पावसाळी हवेंत ठेवूं नये.

हळदीचें पीक घरांतून बाजारांत जावयाचें तें ह्याच पाणंद रस्त्यांनीं. तेथील थराचा चुरा झाला कीं बारीक पीठ पाणी धरून ठेवितें, चाक रुततें, आणि दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या वर्षीं पुन्हां गांवावरच पडतो. ह्यापुढें ग्रामसभेंत खडीच्या कामाची गोष्ट निघेल तेव्हां शेतकरी बंधूंनीं दोन प्रश्नांच्या जोडीस तिसरा प्रश्न अवश्य विचारावा: ब्रास किती, भाव किती, आणि चुरा शेंकडा किती? तिसऱ्याचें उत्तर लेखी मागावें, व काम सुरू होण्यापूर्वीं मागावें. खडी एकदां अंथरली म्हणजे ढीग परत पाठवितां येत नाहीं.